वेगवान मोडनं गाळलेली उसळी

देऊळगाव राजा, गुरुवार संध्याकाळ

सलाइनमधून औषध सोडणाऱ्या पंपाची चिप आमची कंपनी बनवून राह्यली; ती तपासायचं काम माझं. कम्प्युटरवर तिची चाचणी अचूक मोडमध्ये चार दिवस चालली असती, म्हणून व्होल्टेज सांभाळणाऱ्या ॲनॅलॉग भागासाठी मी वेगवान मोड निवडला. दोन तासांत सगळं पास! ऑफिसातल्या सरांना तसं कळवूनही टाकलं.

मग भीती वाटली. एवढं सरळ कसं? आज पंप सुरू होतानाचा क्षण तेवढा अचूक मोडमध्ये चालवला. व्होल्टेज एकदम उसळलं. ती उसळी वेगवान मोडनं गाळूनच टाकली होती. कोणाच्या शिरेत किती औषध गेलं असतं?

बाबा म्हणाले, "काऊन रडून राह्यली? फोन लाव त्याहिले."

मी फोन लावला. "सर, चूक माझी आहे. चिप बनवायला पाठवू नका."

सर म्हणाले, "आज आठ वाजता पाठवणार होतो."

पावणेआठ झाले होते.