ते विमान आमचं नव्हतं

कोरेगाव,
मंगळवार, सकाळी

राजमान्य वीरधवलराव यांस,

नारायण जगदाळे याचा मनापासून नमस्कार. (शाळेत आपण एका बाकावर बसायचो आणि मी तुम्हाला अरे-तुरे करायचो. पण सध्या आपल्यात सोयरिकीचं बोलणं चालू आहे, म्हणून अहो-जाहो करतोय. सवय नाही, कुठं घसरलो तर सांभाळून घ्या.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतोय? जिने चढणं कमी करा. मातोश्री बयाबाईंच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलात हे उत्तम केलंत, पण दुसऱ्याचाही लवकर काढून घ्या. हे मी उगाच लिहीत नाही.

रविवारी संध्याकाळी तुमचा फोन आला की, "आमची अट आम्ही मागे घेतली, क्रांतीनं लग्नानंतरही खुशाल विमान चालवावं." मी "बरं बरं, फार छान झालं" म्हणालो आणि फोन ठेवला. खरं तर मी पेढे आणायला धावायला हवं होतं. गेले तीन आठवडे त्या अटीनं माझी झोप उडवली होती. विमान सोडायचं असेल तर लग्नच नको, असं पोरीनं मला तोंडावर सांगितलं होतं. तिकडे तुमच्यासारखा घरोब्याचा माणूस आणि शंभूराजसारखा सरळ जावई हातचा जाणार, हेही दिसत होतं. आता सगळं जुळलं, तरी रविवारपासून मला घास गोड लागत नाही. कारण जे विमान बघून बयाबाईंनी तुम्हाला अट मागे घ्यायला लावली, ते विमान आमचं नव्हतं.

आता सुरुवातीपासून सांगतो. क्रांतीचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ, पलटणीबरोबर पार तिकडे सरहद्दीवर. त्यामुळे स्थळं बघायची जबाबदारी माझ्यावर. पोरगी कराडला विमान शिकते. रविवारी तिची एक मोठी परीक्षा होती: कराडहून उडायचं, तुमच्या तिथल्या हवाई दलाच्या विमानतळाच्या आकाशातून पलीकडे जायचं आणि परत यायचं. ते नीट जमलं तर तिला शिकवणाऱ्या श्रद्धा मॅडम सही करणार आणि पुढच्या वेळी तिला त्या वाटेनं एकटीला जाता येणार. मॅडम तिच्या शेजारी बसणार होत्या, मागची सीट मोकळी होती. मी मॅडमना विनवण्या करून त्यावर बसायची परवानगी काढली आणि लगेच तुम्हाला फोन केला की, "दहा-चाळीसला सगळ्यांना गच्चीवर आणा, लाल जाजम पसरून ठेवा, पोरगी घरावरून एक चक्कर मारेल." माझा हिशोब असा, की एकदा तुम्ही तिला डोक्यावरून जाताना बघितलंत की अट घालायला तुमची जीभ रेटणार नाही. क्रांतीला मात्र यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. वर गेल्यावर "जरा डावीकडं घे" म्हणायचं, रिक्षावाल्याला म्हणतो तसं, एवढीच माझी तयारी. (मी एकतीस वर्षं एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. त्यामुळे वाहतुकीतलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज होता.)

विमान म्हणजे चार माणसांचं, एका पंख्याचं. दार लावताना आमच्या जुन्या फियाटची आठवण झाली. पण वीरधवलराव, वर गेल्यावर कळलं की आकाशालाही बांध असतात. निघायच्या आधी पोरीनं कुठून, किती वाजता, किती उंचीवरून जाणार ते लिहून कळवलेलं. त्यावर परवानगीचा एक नंबर मिळालेला, तो तिनं मांडीवर पट्ट्यानं बांधलेल्या वहीत लिहिलेला. लष्कराची हद्द यायच्या बरंच आधी तिनं रेडिओवरून विचारलं, आणि तिकडून हो म्हटल्यावरच आत शिरली. आणि गंमत म्हणजे तिकडचा माणूस जे जे सांगेल ते क्रांतीनं शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवायचं. उंची सांगितली की उंची, दिशा सांगितली की दिशा. (आमच्याकडे ही "कोथिंबीर आणा" म्हणते, मी "हूं" म्हणतो आणि मेथी घेऊन येतो. सदतीस वर्षांत एकदाही परत म्हणून दाखवलेलं नाही.) मी स्वतः माइकवरून घसा फोडून सांगायचो की रहिमतपूर गाडी फलाट दोनवर लागेल, आणि लोक फलाट दोनवरून चालत येऊन मला विचारायचे, रहिमतपूर गाडी कुठं लागते? इथं एक माणूस शांतपणे दोन वाक्यं बोलत होता आणि विमान तसंच्या तसं वळत होतं. मला त्या माणसाचा थोडा हेवा वाटला.

तर एका तलावापाशी आलो आणि त्यानं सांगितलं, पुढं येऊ नका, सांगेपर्यंत तलावावरच गोल फिरत राहा. क्रांतीनं परत म्हणून दाखवलं आणि फिरायला लागली. एक फेरी झाली, दोन झाल्या. मी खिशातली दुर्बीण काढली (मुद्दाम नेली होती) आणि काय सांगू, तुमची गच्ची दिसली! लाल जाजम, त्यावर मुंगीएवढी माणसं. मी म्हणालो, "बाळ, ते लाल दिसतंय न्हवं, तिथनं एक गिरकी घे की." ती म्हणाली, "कुणाचं घर हाय ते, आबा?" मग सांगावं लागलं. तिचे कान लाल झालेले मला मागून दिसले. "आबा, तलावावर फिरा म्हटलंय. मी तलावावरच फिरणार."

"अगं, दोन मिनटांचं तर काम. कोण बघतंय?"

"तेच बघत्यात की रडारवर. आन् तिकडनं आता दोन लढाऊ विमानं उठणार हायत, म्हणून तर थांबवलंय आपल्याला."

इथं माझी एक चूक झाली. तिघांच्याही कानाला ते मोठे हेडफोन होते, म्हणजे मी जे काही बोलत होतो ते परीक्षा घेणाऱ्या श्रद्धा मॅडमच्या कानात सरळ जात होतं, हे मी विसरलो. मी हात जोडले, बापाची शपथ घातली, तुमच्या मोडणाऱ्या सोयरिकीचं सगळं पुराण लावलं. मॅडम मागे वळल्या आणि माझ्या हातातली दुर्बीण काढून घेतली. लष्कराच्या विमानतळाशेजारी दुर्बीण लावून बसलेला म्हातारा त्यांनी पहिल्यांदाच बघितला असावा. आणि क्रांती म्हणाली, "आबा, आता गप बसा. मला ऐकायचंय." जिला मी सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडलं, ती पोर मला गप बस म्हणाली. खोटं कशाला सांगू, मला अपमान वाटला. मी तोंड फिरवून बसलो.

तेवढ्यात ती दोन विमानं उठली. आवाज नंतर आला, आधी नुसतं काहीतरी सर्रकन गेलं. गेलं ते नेमकं तुमच्या गच्चीवरून, जिथं मी तिला "गिरकी घे" म्हणत होतो तिथून. मॅडमनी फक्त क्रांतीकडे बघितलं. क्रांतीनं तिसरी फेरी पुरी केली. मग त्या माणसानं तिला पश्चिमेकडून, तुमच्या घरापासून लांब आणि बऱ्याच उंचावरून जायला सांगितलं, आणि आम्ही तसे गेलो. तुमच्या गच्चीवरून कुणाला आम्ही दिसलोच असू, तर घार म्हणूनच. कराडला उतरल्यावर मॅडमनी तिथंच विमानाच्या पंखावर वही ठेवून सही केली. मला दुर्बीण परत दिली आणि म्हणाल्या, "काका, तुमचं बोलणं विमानाबाहेर गेलं नाही, हे तुमचं नशीब."

आणि संध्याकाळी तुमचा फोन. तुम्ही तेव्हा खाली पाहुण्यांच्या पोह्यांमागे होतात, त्यामुळे मातोश्री म्हणाल्या तेच तुम्ही खरं धरलंत. पोरगी घरावरून अशी गेली म्हणे की तावदानं थडथडली. मागच्या विमानात तिचा चुलता असणार. (वीरधवलराव, मला स्कूटरसुद्धा धड येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. निदान तिथं तरी शंका यायला हवी होती.) आणि त्या तुम्हाला म्हणाल्या, "एवढ्या धाडसाच्या पोरीला चुलीम्होरं बसवणारा तू कोण रं?" हे ऐकूनही मी फोनवर खरं सांगितलं नाही, ही माझी दुसरी चूक. फसवून जुळवलेली सोयरीक मला नको. तुमची अट तुम्हाला परत. घालायची की नाही, ते आता खरं काय ते कळल्यावर ठरवा.

घरात सर्वांना यथायोग्य सांगावं. लोभ आहेच, या पत्रानंतरही उरावा.

तुमचा,
नारायण

ता. क. : हे पत्र क्रांतीला वाचून दाखवलं. "असंच धाडा," म्हणाली. अट परत घालणार असाल तर तिची पत्रिका आणि फोटोही परत पाठवा, हेही लिहायला सांगितलं आहे. फोटो जपून पाठवा, साडीतला तिचा तेवढा एकच आहे.

आणखी एक ता. क. : हे मित्राला लिहितोय, म्हणून अरे-तुरे. वीरधवल, खरं मागणं इथं आहे. गड्या, हे पत्र तू ठेवून देऊ नकोस, आईंनाच वाचून दाखव. आणि त्यांना सांग, की पोरीला तुमचं घर समोर दिसत होतं, गच्चीवर सासर उभं होतं, सख्खा चुलता मागून हात जोडत होता, तरी ती आली नाही; धाडस म्हणायचं तर हेच. मग तू घातलेली अट ती पाळेल का, हे मला विचारू नकोस, आईंनाच विचार.