हिरवी असतानाच कापलेली पानं

प्रिय ताई,

भावजींचा फोन आला होता. रोपवाटिकेतली नवी नोकरी तू नाकारलीस म्हणे. आईसारखंच आपल्यालाही विसरायला व्हायला लागलंय, असं तुला वाटतं, आणि सोमवारी आईच्याच डॉक्टरांकडे तपासणीला जाणार आहेस.

हे सगळं आपल्या जुन्या बागेतल्या त्या ट्यूलिपपायी. फुलंच आली नाहीत, तेव्हा शीतगृहाचं तापमान तू चुकीचं लावलंस, असं बागेच्या साहेबांनी ठरवून टाकलं. तू म्हणालीस, मला आठवत नाही, पण लावलं असेल. आणि राजीनामा देऊन मोकळी झालीस. मी शेजारीच उभी होते, मख्खासारखी.

कंदाचं गणित तूच मला शिकवलंस. आत पिष्ट साठलेलं असतं, थंडीत त्याची साखर होते, त्या शिदोरीवर फूल वर येतं आणि कंद पार रिकामा होतो. मग हिरवी पानंच त्याला पुन्हा भरतात. ती आपणहून पिवळी पडेपर्यंत कात्री लावायची नाही, पसारा दिसला तर दिसू दे, असं मला धांदरटाला किती वेळा बजावलंस!

काल मी कपाटातून जुन्या पुड्या काढल्या. शीतगृहात ठेवण्याआधी त्याच कंदांच्या चकत्या तू वाळवून ठेवल्या होत्यास ना, त्या. आयोडीनचा थेंब टाकला. आत पिष्ट असतं तर काळ्यानिळ्या व्हायला हव्या होत्या, पण जेमतेम फिकट डाग पडला. कंद थंडीत जाण्याआधीच उपाशी होते, ताई. खरं सांगू? मला हे थेंब टाकण्याआधीच ठाऊक होतं.

गेल्या हंगामात फुलं सरल्यावर तू आईपाशी दवाखान्यात होतीस, त्या आठवड्यात पाहुणे यायचे होते. वाफे गबाळे दिसतात म्हणून साहेब करवादले आणि मी सगळी पानं हिरवीगार असतानाच कापून टाकली. तू परतल्यावर म्हटलं, यंदा लवकर वाळली. तू डोळे झाकून विश्वास ठेवलास. पुढे तुझ्यावर आळ आला तेव्हा माझी नोकरी नुकतीच कायम झाली होती. जीभच रेटली नाही. लाज वाटते गं मला.

आज साहेबांना सगळं सहीनिशी लिहून दिलंय. माझं व्हायचं ते होवो. तू हव्या तेवढ्या शिव्या घाल, माझं तोंडही बघू नकोस. पण सोमवारी घराबाहेर पडण्याआधी एवढं वाच. तापमान चुकीचं लावल्याचं तुला आठवत नाही, कारण तू ते चुकीचं लावलंच नव्हतंस.

तुझीच,
धांदरट