अर्ध्या भुवईचा माणूस

३ मार्च, मंगळवार

आज एका बाईने माझ्या नवऱ्याला बनवलं. माझ्याच काउंटरवर, माझ्याच हातून.

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील. खेळण्यांच्या दुकानात गर्दी नव्हती. ती आली – पस्तिशी उलटलेली, आखूड केस, चष्मा. म्हणाली, तीन ठोकळ्यांच्या माणसांचा डबा करायचा आहे. मी नेहमीप्रमाणे ट्रे पुढे सरकवले. केस, चेहरे, धड, पाय. जुळवा आणि स्वतःसारखा ठोकळ्यांचा माणूस घरी न्या. अकरा वर्षं हेच करते आहे. टक्कल पडलेले बाप्ये दाट केस उचलतात. बायका धडांच्या ट्रेमध्ये बारीक धड शोधतात आणि सगळी एकाच मापाची निघाली की हिरमुसतात. हिने मात्र स्वतःला आहे तसं बनवलं. वाकडा दातही काढून घेतला बारीक पेनाने. मग एक म्हातारी बनवली, पांढऱ्या अंबाड्याची.

मग पुरुष. करडा सदरा, छातीवर नारिंगी पट्टा, कमरेला हत्यारांचा पट्टा. कानामागे लाल पेन्सिल. तोवर मी गंमत म्हणून करत होते. मग ती म्हणाली, "याची डावी भुवई अर्धीच हवी. पुसता येईल?"

काडीला कापूस गुंडाळून मी भुवई पुसली. लिफ्ट दुरुस्त करणारा, नारिंगी पट्ट्याचा, कानामागे लाल पेन्सिल खोचणारा, अर्ध्या भुवईचा माणूस माझ्या घरात राहतो.

"कोण हे?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"घरातलाच आहे," म्हणाली.

घरातलाच. कोणाच्या घरातला?

४ मार्च, बुधवार

कॅशवर बसणाऱ्या मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "जगात अर्ध्या भुवईचा एकच पुरुष आहे का? सरळ विचार की त्याला."

सरळ विचारलं नाही. जेवताना म्हटलं, आज कुठे होतात? "दवाखान्यांच्या इमारतीत," हे म्हणाले. गेल्या आठवड्यातही तिथेच होते. ती लिफ्ट एवढी कशी बिघडते? "जुनी आहे," म्हणाले आणि भात वाढून घेतला. वरण न घेताच कालवत बसले.

६ मार्च, शुक्रवार

यांच्या पँटचे खिसे तपासले. दोन स्क्रू, खोकल्याची गोळी, बसचं तिकीट. लाज वाटली. मग दुसऱ्या पँटचेही तपासले.

१० मार्च, मंगळवार

ती परत आली. पुरुषाचा चेहरा बदलून हवा म्हणे. "हसरा नको. तो हसत नाही."

'तो'! सतरा वर्षांत मी यांना एकेरीत हाक मारली नाही, आणि ही खुशाल 'तो' म्हणते. माझ्या तोंडून निघून गेलं, "हसतात की."

तिने चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही ओळखता?"

"म्हणजे... सगळेच हसतात कधी ना कधी," मी सारवासारव केली आणि गंभीर चेहऱ्यांचा ट्रे काढला. तिने निवडायला पंधरा मिनिटं घेतली. एकेक चेहरा बोटांवर धरून बघत होती, जणू तो आता काही बोलेल.

ती गेल्यावर तिच्या बिलाची प्रत पाहिली. पत्ता – दातांचा दवाखाना, चौथा मजला. तीच इमारत. जुन्या लिफ्टची.

१४ मार्च, शनिवार

अर्धी सुट्टी टाकली. दाढ दुखते म्हणून नंबर लावून बसले. ती तिथे नोंदणीच्या टेबलावर काम करते. मला बघून दचकली. तिघेही ठोकळे तिच्या कॉम्प्युटरशेजारी उभे. माझा नवरा मधोमध.

साडेअकराला हे आले. काचेच्या दारापलीकडून, खांद्यावर हत्यारांची पिशवी. मी मासिक तोंडासमोर धरलं. तिने मान वर केली. हे थांबले नाहीत, वळले नाहीत, तरी चाल मंदावली. ती दारापर्यंत गेली. दार उघडलं नाही. हे लिफ्टमध्ये शिरले, लिफ्ट बंद झाली, तरी ती तिथेच. चार दिवस उपाशी माणूस ताटाकडे बघतो तशी त्या बंद दाराकडे बघत होती.

लफडं असतं तर एक तरी खूण झाली असती. हे दोघं तर एकमेकांना घाबरत होते. मग संशय सरायला हवा ना? वाढला.

डॉक्टरांना खरोखरच दाढेत कीड सापडली. तो वेगळाच ताप.

१५ मार्च, रविवार

विचारलं. चहाचा कप हातात असतानाच. "चौथ्या मजल्यावरची ती बाई कोण?"

यांनी कप खाली ठेवला. "बहीण," म्हणाले.

मला बघायला आले तेव्हा यांनी सांगितलं होतं, आईवडील वारले, मागेपुढे कोणी नाही. वडील खूश झाले होते माझे – पोरीला सासरचा जाच नाही. आणि आज कळतं, नणंद आहे. सासूसुद्धा आहे, जिवंत.

तुटक तुटक सांगितलं. वडिलांचा लाकडाचा कारखाना होता, घराला लागूनच. हे एकोणीस वर्षांचे. लाकूड चिकटवायचा सरस तापवायची शेगडी चालू ठेवून बाहेर गेले. कारखाना जळाला. वडिलांचे दोन्ही हात भाजले, पुन्हा रंधा धरता आला नाही. भुवई तेव्हाच गेली. मला सांगितलं होतं सायकलवरून पडलो. वडील म्हणाले, "तू आम्हाला मेलास." हे निघाले ते आजपर्यंत. वडील वारल्याचं कळलं, तरी गेले नाहीत.

"बहिणीला कधी ओळखलंत?"

"पहिल्याच दिवशी. बारा वर्षांची होती मी निघालो तेव्हा. दात तसाच आहे वाकडा."

"मग बोललात का नाही?"

"ती नाही बोलली."

रडू यायला हवं होतं मला. आलं नाही. हे सांगताना सारखे नखांकडे बघत होते. खोटं बोलताना बघतात तसे. आणि हा माणूस घरातून निघताना तीनदा गॅस बघतो, लिफ्टची एक तार दोनदा तपासतो. हा शेगडी चालू ठेवून जाईल? आगीनंतर सवय लागली असेल, असं मनाला समजावते आहे. पटत नाही.

१७ मार्च, मंगळवार

ती दुकानात आली, काही काम नसताना. मी ट्रे काढले नाहीत. म्हटलं, "मी तुमची वहिनी."

लहान मुलांसाठी ठेवलेल्या बुटक्या स्टुलावर ती मटकन बसली. गुडघे हनुवटीशी. मावशी कॅश सोडून पाणी घेऊन आल्या.

"तुम्ही बोलायला का नाही गेलात?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा.

"धीर नाही झाला. मग म्हटलं निदान टेबलावर तरी एकत्र असू." थोड्या वेळाने म्हणाली, "दादाने काय सांगितलं तुम्हाला?"

"सगळं. शेगडी चालू ठेवून गेले ते."

"असं सांगितलं? तुम्हालासुद्धा?"

तोंड पांढरंफटक पडलं तिचं. पाणी तसंच ठेवून निघून गेली. 'तुम्हालासुद्धा' म्हणजे काय?

१९ मार्च, गुरुवार

ती दुकानात येऊन गेली हे कळल्यापासून हे विचारत होते, ती काय म्हणाली. मी म्हटलं, काही नाही. यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मी पाहिलं. कशातून सुटले?

२२ मार्च, रविवार

हे दूध आणायला गेले होते. बेल वाजली. ती दारात. पत्ता दवाखान्यातल्या माझ्या नोंदीवरून घेतलेला. आत ये म्हटलं तर आली नाही, उभ्यानेच बोलली.

"वहिनी, शेगडी मी पेटवली होती. बाहुलीचं घर चिकटवायला सरस हवा होता मला. मग विसरून खेळायला गेले. दादा मला शोधायला आगीत शिरला. बाबांनी विचारलं, कोणी केलं, तेव्हा मी तोंड उघडायच्या आधी तो बोलला. आणि मी पंचवीस वर्षं गप्प बसले."

मी दाराची चौकट धरली.

"आईला आज येताना गाडीत सांगितलं. ती खाली गाडीतच बसली आहे. उतरायला तयार नाही. म्हणते, कुठल्या तोंडाने वर येऊ."

मी अनवाणीच जिना उतरले.