माशीघरातला कोंडा

४ मार्च

आज परत! दादाच्या बागेतून नमुन्याला आलेले पडके पेरू फोडले. चाळीसातल्या सहांत अळ्या, आणि खास दिव्याखाली सगळ्या लालभडक चकाकल्या. म्हणजे आमच्याच, आम्ही सोडलेल्या फळमाशीच्या नरांची पोरं. चकाकण्यात नवल नाही, ती खूण आम्हीच त्यांच्यात घातलीय. पण त्या जिवंत होत्या! चांगल्या गुबगुबीत.

आमचं सगळं गणित एवढंच — या नरांच्या पोरांना ठरावीक औषध मिळालं नाही, तर ती अळी असतानाच मरतात. माशीघरात आम्ही ते कोंड्यात कालवून देतो, म्हणून इथे पिढ्या चालतात. बाहेर कोण देणार?

बाईंना सांगितलं. आमच्या प्रमुख; मान कधी सूक्ष्मदर्शकावरून वर येत नाही. म्हणाल्या, "शेकड्यात दोन-चार तगतातच. उगाच राईचा पर्वत करू नकोस."

७ मार्च

ही बाग मीच मिळवून दिली. दादा तयार नव्हता — "माशी घालवायला माशीच सोडायची? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" मीच हट्ट धरला. फवारण्याही मीच बंद करायला लावल्या, नाहीतर आमचे नर मेले असते. आता बागेला काही झालं तर कोणत्या तोंडाने जाऊ तिकडे?

११ मार्च

चाळीसात एकोणीस.

१२ मार्च

बाईंची मान वर आली! "औषध कुठूनतरी मिळतंय त्यांना. शोध." कोंबड्यांना तेच औषध देतात, म्हणून आधी आसपास कोंबड्या पाळणारं कोण आहे ते पाहिलं. कुणी नाही. पाण्यात नाही. मातीत सापडलं, थोडंसं.

कुठून आलं असेल, काही सुचत नाही. की मीच सुचू देत नाहीय?

१५ मार्च

वहिनीचा फोन. "वन्सं, बागेत पाऊल टाकवत नाही हो. हात लावावा तो पेरू मऊ. हे आतून धुमसतायत, पण तुम्हाला काही बोलायचे नाहीत."

१६ मार्च

दादाकडे जाऊन आले. दोन महिन्यांत पाय फिरकला नव्हता. झाडांच्या बुंध्याशी खत पसरलंय. पडके पेरू त्यातच फुटून गर आणि खत एक झालंय, आणि ते सगळं नुसतं वळवळतंय. मूठभर उचललं. ओळखीचा वास.

कोंडा! मीच दिलेला. माशीघराची भट्टी बंद पडली तेव्हाचा. उरलेला कोंडा जाळायचा, असा नियम. पण साखर, यीस्ट, एवढं चांगलं अन्न फेकून द्यायचं जिवावर आलं. वाफेवर तासतासभर शिजवला, एक अंडं जगणार नाही याची खात्री केली, आणि पोती भरून दादाकडे पाठवला. झाडांना खत होईल! नोंदवहीत लिहिलं — 'जाळला'. केवढं कौतुक वाटलं होतं स्वतःचं.

अंडी मेली. औषध तसंच राहिलं. ती पोरं बाहेरही माझ्याच हातचं खातायत.

दादाने जेवायला थांबवलं. ताट अर्धं टाकलं. काही न सांगताच निघाले. भ्याले.

१७ मार्च

बाईंच्या दारापर्यंत गेले. परत आले.

१८ मार्च

सांगितलं.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नोंदवही पुढ्यात ओढली, ते पान काढलं आणि विचारलं, "किती पोती?"

"चौतीस."

"सगळी त्याच बागेत ना? नक्की?"

"नक्की."

"मग अजून हातात आहे. माती खरवडू, फळं जाळू, फवारू. तुझ्या भावाचा हंगाम जाईल, पण माशी तिथेच थांबेल. बाहेर पडली की कुणाच्या बापाला आवरायची नाही. तुझं काय करायचं ते मग बघू."

नोकरी जाईल. जाऊ दे. आज कितीतरी दिवसांनी दोन घास नीट गेले.

१९ मार्च

दादाला सगळं सांगितलं. चिडला नाही, तेच जास्त लागलं. फक्त पोत्यांचा आकडा परत विचारला. मग म्हणाला, "चौतीस कुठली? मी चारच ठेवली गं. बाकीची नदीपर्यंतच्या सगळ्या बागांना वाटली. म्हटलं, माझ्या बहिणीने पाठवलंय, डोळे मिटून घाला."