थंड चूल आणि घेवड्याचं मडकं

माय, सगळ्यांत आधी कोण टपकलं सांगू? नातीनं पसंत केलेल्या मुलाची आजी. गाडी अजून गल्लीच्या तोंडाशी अडकलेली, माझी नात आणि तो मुलगा डिकीतून बॅगा काढताहेत, आणि ही माझ्याएवढी म्हातारी, पांढरे केस कापलेले, पँट घातलेली, बूट हातात धरून आमच्या लोधीपुऱ्यातल्या ओट्यावर हजर. बूट कुठं ठेवू म्हणून खुणेनं विचारते. शेजारीण कठड्यावरून इतकी वाकली की मला वाटलं आता आमच्याच दारात पडते. "काकू, हीच का अमेरिकावाली समधन?" म्हणून ओरडली. मी म्हटलं, "अगं, अजून विहीण कुठली, आधी घरात तर येऊ दे तिला!"

कारण गोष्ट माझ्यावर येऊन थांबली होती. तुझी पणती, माझी नात, बोस्टनकडे शिकायला गेली, तिथंच नोकरीला लागली आणि तिथलाच मुलगा तिला पसंत पडला. माझ्या लेकानं हात झटकले, "आई हो म्हणेल तर हो, नाही म्हणेल तर नाही." झाला मोकळा. मी तिसरीपर्यंत शिकलेली, मला काय अमेरिका कळते? मी म्हटलं, आधी घरचं माणूस दाखवा. मुलाला आईबाप नाहीत, आजीनंच वाढवलं, म्हणून आजी आली. यायचे होते मंगळवारी, सोमवारी अजिंठा बघून. पण सोमवारी लेणी बंद असतात हे तिघांपैकी कुणी बघितलंच नाही, हातात तीन मोबाईल असून. मग आले थेट घरी. आणि सोमवारी काय होतं? सातम. शीतलामायची सातम. आदल्या दिवशी रांधलेलं खायचं, चूल पेटवायची नाही, चहासुद्धा नाही. तू घालून दिलेली रीत, मी अजून मोडली नव्हती.

मला तुकईथडचं आपलं स्वयंपाकघर समोर दिसतं. तू चूल सारवून तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली आहेस आणि मी दाराआड उभी आहे. इच्छापूरची माणसं मला बघायला न सांगता आलीत, नेमकी सातमीला. बाबा आत येऊन दात खात म्हणतात, "अगं, निदान चहा तरी टाक." तू वर न बघता म्हणतेस, "चूल निजली आहे. मी नाही उठवणार." दहीभात, थंड पुऱ्या, गुळाचे तळलेले गुलगुले वाढलेस. मुलाच्या बापानं ताटाला बोट लावलं नाही. "पाहुण्यांना शिळं घालतात," म्हणत गाडी जुंपली. मुलानं मात्र उठता उठता एक गुलगुला तोंडात टाकला. मला आवडला होता गं तो, आता सांगायला कसली लाज. संध्याकाळी मी रडत बसले तर जवळ घ्यायचं सोडून तू मलाच रागावलीस, "चुलीला एक दिवस सुटी देत नाहीत, ते सुनेला काय देतील?" पुढं बुऱ्हाणपूरचं स्थळ आलं, संसार चांगला झाला, पण ती गाडी वेशीबाहेर जाताना मी बघितली होती, ती काही विसरले नाही.

तर सोमवारी माझ्या डोळ्यांसमोर तीच गाडी. लेक माझ्या मागं मागं फिरतोय. "आई, मेहमान सात समुद्रापलीकडून आलेत. आजकाल कोण पाळतं? गॅस नको तर इंडक्शनवर कर, ती थोडीच चूल आहे?" मी म्हटलं, "तापते ना? मग चूलच." तो म्हणाला, "मग मावा जिलेबी आणतो, गरमागरम." मी म्हटलं, "आण ना. उद्या आण." आणि वाढलं मी, अगदी तुझ्यासारखं: गोड भात, दही, पुऱ्या, गुलगुले. नातीनं इंग्रजीत काहीतरी समजावलं. म्हातारीनं चमचा खाली ठेवला. म्हटलं, चालली, हीही चालली इच्छापूरच्या वाटेनं.

तर ती मांडीवर थाप मारून हसायलाच लागली! नात म्हणाली, "आजी, त्या म्हणतात, आमच्याकडंही होतं हे." ऐक माय. हिच्या खापरपणजोबांच्याही आधीचे लोक प्युरिटन. इंग्लंडात राजाचा धर्म त्यांना फार झगमगाटी वाटायचा, देवाचं सगळं साधं हवं म्हणून जहाजात बसून निघाले आणि बोस्टनकडच्या जंगलात उतरले. शनिवारी दिवस मावळला की काम बंद, ते रविवारचा दिवस मावळेपर्यंत. रांधणंसुद्धा नाही. मग बाया काय करायच्या? शनिवारीच पांढरा घेवडा काकवी घालून मडक्यात भरायचा आणि विझत्या भट्टीत सरकवून द्यायचा. रविवारी तेच खायचं. काकवी, माय! आपण गुलगुल्याला गूळ घालतो तसं. (त्यात डुकराचं मांसही असायचं, ते नातीनं मला जेवण झाल्यावर सांगितलं. शहाणी आहे पोर.) रविवारभर नुसतं प्रवचन. डुलकी लागली की एक माणूस काठी घेऊन फिरायचा, पुरुषाला ठोसा आणि बाईला काठीच्या दुसऱ्या टोकाला बांधलेल्या कोल्ह्याच्या शेपटीची गुदगुली. मी म्हटलं, आमच्या सप्ताहाला पाठवा एक काठी. म्हातारी हसून लाल झाली. नाताळसुद्धा करू द्यायचे नाहीत म्हणे, तो दिवस कामाचाच. पोरींना धर्मग्रंथ वाचता यावा म्हणून वाचायला शिकवायचे, लिहायला मात्र बऱ्याच जणींना नाही. ते ऐकून मी आपली मनात म्हटलं, तू तर मला दोन्हीला पाठवलंस.

मग ती गंभीर झाली. म्हणाली, आमची माणसं आली तेव्हा तिथल्या मूळच्या लोकांनी त्यांना मका लावायला शिकवला, मुळाशी मासळीचं खत घालून. आणि आमच्यांनी पुढं त्यांचीच जमीन घेतली, लढाया केल्या. आपल्यातलाच कुणी वेगळं बोलला तर त्याला गावाबाहेर काढलं, एका बाईला तर फासावर चढवलं. हे सांगताना तिनं आवाज खाली केला नाही की खानदानावर पांघरूण घातलं नाही. मी घास हातात धरून ऐकत होते. आपला धर्म पाळता यावा म्हणून समुद्र ओलांडला, आणि दुसऱ्याला त्याचा पाळू देईनात!

मग मला राहवेना. मी नातीला म्हटलं, "विचार त्यांना, हिनं तिकडं सातम पाळली तर चालेल का?" पोर लाजून लाल. "आजी, असं कसं विचारू?" म्हटलं, "मी विचारलं तसं." तो मुलगा ताटात बघत बसला. म्हातारीनं पटकन हो म्हटलं नाही, बरं का. विचार केला. मग म्हणाली, "माझ्या आजीनंतर ते मडकं आमच्यात कुणी भट्टीत ठेवलं नाही. मी तर शनिवारी पिझ्झा मागवते. तिच्या घरची चूल, तिचा हुकूम, मी मध्ये पडणार नाही. पण मला सकाळची कॉफी लागते. ती मी माझ्या घरी पिऊन येईन."

लगेच गोड गोड हो म्हणाली असती तर मी घाबरले असते. कॉफीचं बोलली तिथं मला पटलं, की ही खोटं बोलणारी नाही. उठले, तांदूळ, नारळ, खण घेतला आणि ओटी भरायला गेले, तर हिला पदर कुठं? तिनं गळ्यातला रुमाल दोन्ही हातांनी पसरला, आणि एक दाणा खाली सांडू दिला नाही. लेकाला म्हटलं, "बघतोस काय, माझं हो आहे." तो डोळे पुसत मावा जिलेबीची ऑर्डर द्यायला गेला, मंगळवारची. नात माझ्या गळ्यात पडली ती सोडेचना. शेजारणीला सांगायला गेले, तर तिला आधीच सगळं माहीत.

आता हे सगळं तुला लिहिलं खरं, पण तू गेलीस तिथं टपाल जात नाही, टाकू कोणत्या पेटीत? घडी करून गुलगुल्यांच्या डब्यात ठेवते, तो सातमीलाच बाहेर निघतो. आणि एक माय, तुला म्हणून सांगते. वर मी मोठ्या तोऱ्यात लिहिलंय की तुझ्यासारखंच वाढलं. पण वाढायच्या आधी मी चहाचं आधण गॅसवर चढवलं होतं, लायटरही हातात घेतलं होतं. इच्छापूरची ती गाडी आठवली होती. मागून नात आली. "आजी, आज सातम ना?" एवढंच म्हणाली आणि लायटर माझ्या हातातून काढून फ्रिजवर ठेवून दिलं. सातम पोरीच्या अंगातच आहे, पाहुण्यांना विचारायची काही गरजच नव्हती गं, तरी मी विचारलं. बुधवारी गेले सगळे. पुढच्या अक्षय तृतीयेला, आपल्या आखाजीला, परत येतो म्हणालेत.