हिरव्या रेघेची शेपटी

प्रिय टापटीप महाराज,

ईमेल जहाजावरच्या एकाच संगणकावरून जातं आणि तिथे कुणी ना कुणी मागे उभं असतंच. म्हणून हे कागदावर लिहून, रसद घेऊन आलेल्या बोटीबरोबर पाठवतेय. वाचताना दार लावून घे.

गेल्या वर्षी तू समुद्राच्या तळाशी सोडलेली बारा तापमापक यंत्रं परवा वर काढली. अकरा ठणठणीत. सातव्याचं झाकण उघडलं तर आत पेलाभर खारं पाणी! वर्षभराच्या नोंदी गेल्या. झाकणाच्या रबरी कड्याखाली वाळूचा एक कण अडकला होता, एवढंच. आपली पद्धत तुला काय सांगायची? बंद करणाऱ्याने झाकणावर लाल रेघ ओढायची, तपासणाऱ्याने हिरवी. लाल तुझी, हिरवी डेकवरच्या मामांची. सातव्यावर दोन्ही होत्या, तेव्हा मोहीमप्रमुखांनी सगळं खापर मामांवर फोडलं. हे यंत्र माझ्यासमोर आलंच नाही, असं मामा शपथेवर सांगत होते. मला पटलं नाही. मी मोहिमेवर निघताना तू दोनदा बजावलं होतंस, मामांना आता धड दिसत नाही, लक्ष ठेव. नवऱ्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर? मी जाऊन तेच प्रमुखांना सांगितलं.

काल मामा माझा फाटका हातमोजा शिवायला बसले. चष्मा नाही, काही नाही, आणि दोरा पहिल्याच फटक्यात सुईत! मनात पाल चुकचुकली. बाराही झाकणं पुन्हा पाहिली. अकरांवरची हिरवी रेघ जाड, आखूड. सातव्यावरची लांब, शेवटी शेपटी वळलेली. ती शेपटी मी ओळखते रे. घरातल्या प्रत्येक बरणीवर तारीख घालून तिच्याखाली तू तशीच ओढतोस, आणि मी त्यावरून तुला चिडवते.

वादळ जवळ आलं असेल, मामा जेवायला गेले असतील. घाई कुणाचीही होते, ती मी पोटात घातली असती. पण यंत्र वर यायच्या आधीच मामांच्या डोळ्यांचं का सांगितलंस? तुला ते माझ्या तोंडून वदवायचं होतं, आणि मी मूर्खासारखी बोलले. याची मला फार लाज वाटते.

दहा दिवसांनी बंदर. तिथे मामांना कायमचं घरी पाठवायचं ठरलंय, एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर. माझी चूक मी प्रमुखांना आज सांगतेय. तुझी तू फोन करून सांग. सातवं झाकण कुणी पुसू नये म्हणून माझ्या बॅगेत ठेवलंय. धक्क्यावर न्यायला येशील तेव्हा फोन झालेला नसेल, तर ते मी तुझ्यादेखत प्रमुखांच्या हातात देईन.

तुझीच, अजून तरी.