वीणेची खिडकीजवळची जागा

॥ श्री ॥
बंगळूर
२ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप दादास,
धाकट्या तनुजाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र मायला तीनदा वाचून दाखवलं. फोनवर तिला काही ऐकू येत नाही, पण गिरणीचा पट्टा तुटल्याचा तुझा मजकूर तिला पाठ झालाय. वरच्या मजल्यावरच्या कानडी बाईंनाही तिनं तो मराठीतच ऐकवला. त्यांनी मान हलवली.

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले. डॉक्टर म्हणतात, सांधा उत्तम बसलाय, आता उभं राहायची सवय करा. व्यायाम शिकवायला रोज एक मुलगी येते. माय तिला चहा पाजते, तिच्या लग्नाची चौकशी करते आणि दहा मिनिटं उभी राहायची वेळ आली की डोळे मिटून पडते. मायचे जावई म्हणतात, सासूबाईंपुढं कंपनीतला मोठा साहेबसुद्धा टिकायचा नाही.

काल मी चिडले आणि विचारलं, की तुला उभं राहायचं तरी कशासाठी आहे ते सांग. तर म्हणाली, वीणेसाठी. दादा, चाळीस वर्षं सप्ताहात तिनं वीणेच्या पहाऱ्याला उभं राहणाऱ्यांसाठी भाकऱ्या थापल्या. सात दिवस ती वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, खाली कधी टेकत नाही, हे तिनं चुलीपुढं बसूनच पाहिलं. आपल्याकडं बायकांच्या गळ्यात ती कुणी दिली नाही, आणि तिनं मागितली नाही. आता म्हणते, एक पहारा मला उभं राहायचंय. मग व्यायामाचं काय ते बघू.

तेव्हा तू देवळातली वीणा घेऊन ये. पुंडलिककाकांना काय सांगायचं ते तू ठरव. खोटं बोल असं म्हणत नाही. ते तुला येत नाही, तुझे कान लाल होतात.

वहिनीला आणि माझ्या भाच्याला, गोकुळला, आठवण सांग. माय तुझ्या पत्राची वाट बघत बसलीय असं समज.

तुझी,
तनू

॥ श्री ॥
लासूर स्टेशन
९ जानेवारी २०२६

चि. सौ. तनुजा हिस,
बद्रीनाथचा अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र आधी तू वाच, मग मायला काय वाचायचं ते ठरव.

काकांकडं गेलो. मंडळाचे ते अध्यक्ष, आणि आपले चुलते. दोन्ही नात्यांनी घाबरायला होतं. मी म्हणालो, मायला वीणेची फार ओढ लागलीय. हे खरंच आहे. दर्शनाची ओढ असं त्यांना वाटलं, आणि मी ते वाटू दिलं. कान लाल झाले असतील, पण मी मफलर बांधला होता.

काका विचार करून म्हणाले, वहिनींसाठी देतो. पण वीणा जमिनीला टेकायची नाही. लोकांच्या सामानात, चपला-बुटांच्या संगतीत जायची नाही. महाशिवरात्रीचा सप्ताह नऊ फेब्रुवारीला बसतो, त्याआधी देवळात हजर पाहिजे. नाही आली तर आपल्या घराला पुन्हा कधी पहारा मिळणार नाही. आणि प्रवास कसा झाला ते मी लेखी कळवायचं, कारण फोनवर बोललेलं माणूस दुसऱ्या दिवशी फिरवतो.

आता विमानाचं ऐक. गोकुळनं कंपनीला फोन लावला. हातातल्या सामानात वीणा बसत नाही, लांबी जास्त. विमानाच्या पोटातल्या सामानात टाका म्हणाले, म्हणजे तिथं बूटच बूट, आणि मोडली तर जबाबदारी आमची नाही. मी विचारलं, तिसरी वाट काय? तर वीणेसाठी वेगळी जागा विकत घ्या. मला आधी मस्करी वाटली. पण नाही, तशी रीत आहे. जागा खिडकीजवळची, कारण आपत्ती आली तर माणसांच्या वाटेत ती यायला नको. भाडं माझ्याइतकंच आणि वर आणखी काही, कारण माणसाची त्यांना ओळख आहे, वीणेची नाही.

मी आजवर विमानात बसलेलो नाही. तुझी वहिनी म्हणते, आयुष्यात पहिल्यांदा निघालात आणि खिडकी दुसऱ्याला दिलीत.

संक्रांत करून सतराला निघतो. मायसाठी ज्वारीचं पीठ आणतोय, स्वतः दळलेलं. आशीर्वादाला वजनाची मर्यादा नाही, म्हणून भरपूर पाठवतो.

तुझा,
दादा

॥ श्री ॥
बंगळूर
१९ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप पुंडलिककाका यांसी,
बद्रीनाथचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

आपल्या आज्ञेप्रमाणं प्रवासाचा वृत्तांत लिहितो.

संभाजीनगरच्या विमानतळावर वीणा माझ्या गळ्यातच होती. खिडकीवरच्या मुलीनं सांगितलं, जागा घेतलीय ते ठीक, पण वजन करावं लागेल. काटा खाली जमिनीलगत, आणि त्याच्यावरून नुकतीच कुणाची तरी बुटांची पेटी गेलेली. मी वीणेसकट काट्यावर उभा राहिलो. मुलगी म्हणाली, काका, या हिशेबानं तुम्हालाच सामानात घालावं लागेल. मी म्हणालो, आता माझं वजन वजा करा. त्यासाठी वीणा कुणाच्या तरी गळ्यात द्यायला हवी. मागं इलियासभाई म्हणून चितेगावच्या कारखान्यातले एक गृहस्थ उभे होते, लेकीकडं निघालेले. मी विचारण्याआधीच त्यांनी पायातली चप्पल बाजूला काढली. देता-घेताना एकमेकांच्या पाया पडायच्या रीतीप्रमाणं मी वाकायला लागलो, तर त्यांनी मला मधेच धरलं. वयानं तुम्ही मोठे, मला गुन्हेगार करू नका म्हणाले. मग आम्ही एकमेकांना हात जोडले. वीणा त्यांच्या गळ्यात असेपर्यंत ते हललेसुद्धा नाहीत. मागची रांग मात्र फार हलत होती.

तपासणीच्या यंत्रातून वीणा पाठवावी लागली, त्याला इलाज नव्हता. प्लास्टिकच्या ताटात माझी शाल अंथरली आणि तिच्यावर ठेवली. ताट म्हणजे जमीन नव्हे, असं मी ठरवलं. आपलं मत वेगळं असेल तर दोष माझा. चपलांचं ताट मी बरंच मागून येऊ दिलं.

वीणेचं एवढं निभावलं, पण काट्यावर आधीच अडकलं होतं ते पीठ. जन्मभर लोकांची ज्वारी हातावर तोलून सांगणारा मी, माझ्याच पिशवीचा अंदाज साडेतीन किलोनं चुकला. जास्तीच्या पिठाला त्यांनी जे शुल्क लावलं, त्यात गिरणीतल्या अख्ख्या पोत्याचं दळण झालं असतं. सोडून यावं असं मनात आलं, पण पीठ मायसाठी होतं.

विमानात वीणेला पट्टा बांधला. बांधून देणाऱ्या मुलीनं आधी हात पुसले. खाण्याची डबी आली तेव्हा मी म्हणालो, भाडं दोघांचं दिलंय. ती म्हणाली, जे खात नाहीत त्यांना मिळत नाही. मी माझीच डबी वीणेपुढं धरली आणि नंतर प्रसाद म्हणून खाल्ली. खिडकीतून मला फक्त भोपळ्याच्या कडेनं थोडे ढग दिसले. तेवढे पुरले.

आता जे लिहितो त्यासाठी रागवा. दर्शनाची ओढ हे अर्धंच खरं होतं. मायला वीणा गळ्यात घ्यायची होती. काल पहाटे तिनं घेतली. दहा मिनिटं उभी न राहणारी बाई सव्वा तास उभी राहिली, नाव घेत. मी टाळ धरला होता, पण मला नीट वाजवता आला नाही.

परवा वीणेसह निघतो. कृपा आहे तशीच राहो, अगर रागावून का होईना राहो.

आपला,
बद्रीनाथ

॥ श्री ॥
लासूर स्टेशन
२३ जानेवारी २०२६

चि. तनुजा हिस, आशीर्वाद, वि. वि.

सुखरूप पोचलो. एकटाच.

त्या सकाळचं मला अजून हसावं की रडावं कळत नाही. टॅक्सी खाली उभी, जावईबापू घड्याळ बघतायत, आणि माय वीणा गळ्यात घेऊन देवासमोर. रीत तुला ठाऊक आहे, गळ्यातली वीणा ओढून घेत नाहीत. पुढच्यानं पाया पडायचं आणि आधीच्यानं आपणहून द्यायची. मी पाया पडलो. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि नामस्मरण चालू ठेवलं. मी पुन्हा पडलो. पुन्हा आशीर्वाद. पाचव्यांदा तिनं दाराकडं बोट दाखवलं.

विमानात वीणेची जागा रिकामी. भाडं परत मिळत नाही. मुलगी विचारायला आली, सामान कुठंय? मी म्हणालो, आईनं ठेवून घेतलं. ती म्हणाली, माझी आईपण असंच करते. मग मी खिडकीजवळ सरकायला विचारलं, तर म्हणे ती जागा सामानाच्या नावावर आहे.

गावात उतरलो तर काका देवळाच्या पायरीवर आरतीचं ताट घेऊन उभे. त्यांनी माझ्या गळ्याकडं पाहिलं, मग पाठीकडं, मग वाकून रिक्षात पाहिलं. ताट गोकुळच्या हातात दिलं आणि घरी गेले. माझं पत्र त्यांना त्याच सकाळी कुरियरनं मिळालं होतं. संध्याकाळी त्यांनी मंडळापुढं ते मलाच मोठ्यानं वाचायला लावलं. पिठाच्या मजकुराला लोक हसले. मायच्या मजकुराला कुणी हसलं नाही. काका एवढंच म्हणाले, की सप्ताह नऊला बसतो.

तनू, मायला समजाव. वेरूळहून दुसरी वीणा मागून आणता येईल, पण मग हा गावाचा अपमान समजला जाईल, आणि तो आपल्या घरावर राहील. तिला दुखवू मात्र नको.

काळजीत,
तुझा दादा

॥ श्री ॥
बंगळूर
२९ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप दादास, तनूचा नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र मायला पूर्ण वाचून दाखवलं, काळजीसकट. काका रिक्षात वाकून पाहत होते, ते तिनं चारदा वाचायला लावलं.

तुझ्या त्या महागाच्या पिठाची भाकरी आम्ही डोळे मिटून खातो. ताटात तुकडा टाकायची कुणाची छाती नाही. जावई म्हणतात, पुढच्या वेळी दादांनी पीठ खिडकीजवळ बसवावं.

मायचं असं आहे. रोज पहाटे तासभर, संध्याकाळी तासभर ती उभी असते. मग वीणा मी घेते, माझ्यानंतर वरच्या कानडी बाई. त्या त्यांच्या देवाचं नाव घेतात, माय म्हणते चालतं. आमचं आटपलं की मी ती शालीत गुंडाळून भिंतीवरच्या मोठ्या खुंटीला टांगते. जमिनीला एकदाही टेकलेली नाही, हे काकांना सांग. व्यायामाच्या मुलीनं मायचा गुडघा वाकवून पाहिला आणि विचारलं, हे यंत्र कुठं मिळतं.

मी समजावलं, दादा. भांडलेसुद्धा. तिचं म्हणणं एकच. वीणा मी पळवलेली नाही, सप्ताहाच्या आधी गावात येईल. पण माझ्या गळ्यात येईल, आणि देवळात पहिला पहारा माझा. इथं चोरून उभं राहायला मी काही चोर नाही, असं म्हणाली. काका नाही म्हणाले तर वीणा त्यांच्या हातात देईन आणि दारातूनच परत फिरेन, चूल पेटवायलासुद्धा आत येणार नाही. दादा, ती हे रागानं बोलली नाही. फार हळू बोलली, म्हणून मी घाबरले.

डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिलीय. आठ तारखेची दोन तिकिटं काढली, एक मायचं, एक वीणेचं. मी तिसरी, मागच्या रांगेत. विमान कंपनी चाकांची खुर्ची देते म्हणाली. माय म्हणाली, वीणा गळ्यात असताना मी बसणार नाही. विमानात बसावं लागेल म्हटल्यावर म्हणाली, विमानात वीणाच बसेल ना तिच्या जागेवर, मग मी बसेन.

काकांना तू सांग. जमल्यास मफलर न बांधता.

तुझी वाट पाहणारी,
तनू

॥ श्री ॥
लासूर स्टेशन
४ फेब्रुवारी २०२६

गंगाभागीरथी वच्छलाबाई वहिनींस,
पुंडलिकचा नमस्कार, वि. वि.

तनुजाचं पत्र बद्रीनाथनं मला वाचायला दिलं. त्याचे कान लाल होते, पण या वेळी लपवण्यासारखं काही नव्हतं.

काल मंडळाची बैठक झाली. मी विचारलं की बाईच्या गळ्यात वीणा देऊ नये हा नेम कुणी घातला. कडुबा म्हणाला वडिलांनी. वडिलांना कुणी सांगितलं, ते त्याला आठवेना. पुंजाराम म्हणाला, आजवर कुणी बाईनं मागितलीच नाही. तेवढ्यात आमच्या सौ. चतुराबाई स्वतः उठून आल्या. चाळीस वर्षांत बैठकीत त्या पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, वहिनींना पहिला पहारा मिळत नसेल तर या वर्षी भाकऱ्या पुरुषांनी थापाव्यात. कडुबानं लगेच नेम बदलला.

मी भाकरीला भिऊन बदललो नाही, हे आपण समजून घ्यावं. मला बद्रीनाथचं पत्र आठवत होतं. चितेगावच्या त्या गृहस्थांच्या गळ्यात आमची वीणा गेली तेव्हा मला राग आला नाही, बरं वाटलं. ते अनोळखी. आपण चाळीस वर्षं दहा पावलांवर चुलीपुढं बसलेल्या. मग आपलं वाचून मला राग का आला, याचं उत्तर मला रात्रभर सापडलं नाही. जे सापडत नाही ते धरून बसू नये, असं वाटलं.

तरी सप्ताहाचा पहिला पहारा आपला. दुसरा चतुराबाईंनी मागितलाय. तिसऱ्यापासून पुरुषांना जागा मिळेल असं दिसतं.

आठ तारखेला विमानतळावर मी स्वतः येतो. आपण थकलेल्या असाल, म्हणून रीतीप्रमाणं बाहेरच पाया पडेन. वीणा द्यावीशी वाटली तर द्यावी. नाही वाटली तर पिशवी द्यावी, ती मी घेईन.

आपला धाकटा दीर,
पुंडलिक